शेजाऱ्याची भाषा

दक्षिण अमेरिकेतील ब्राझील हा पोर्तुगीज बोलणारा अवाढव्य देश. परंतु त्याच्या सरहद्दीला स्पॅनिश बोलणारी सात राष्ट्रे लागून आहेत. दक्षिणेकडील सांताना दो लिव्रामेंतो हे गाव ब्राझीलचे आणि त्याला खेटून असलेले रिव्हेरा उरुग्वेचे. मध्ये ना नदी ना डोंगर. एक रस्ता आणि एक बाग, एवढीच काय ती सीमा. दोन्हीकडच्या लोकांच्या बोलण्यात दोन्ही भाषांची सरमिसळ सर्रास चालते. बेळगावकडील वाचकांना ही स्थिती फोडून सांगावयास नको.

तेव्हा शेजाऱ्याची भाषा शाळेत शिकवावी, असे तेथील शासनास वाटले यात नवल नाही. ५ ऑगस्ट २००५ रोजी कायदा झाला. प्रत्येक माध्यमिक शाळेने स्पॅनिशची सोय केलीच पाहिजे. विद्यार्थ्याने ती घ्यावी की न घ्यावी, हे मात्र त्याच्या मर्जीवर. तयारीस पाच वर्षांची मुदत मिळाली.

पोर्तुगीज जाणणाऱ्यास स्पॅनिश म्हणजे हातचा मळ, असे कोणासही वाटेल. गोव्यातील ज्या वडीलधाऱ्या मंडळींनी १९६१ पूर्वी पोर्तुगीज शाळेत धडे गिरविले, त्यांना स्पॅनिश पुस्तकाचे पान पुष्कळसे उमगेल. आपला 'पगार' हा शब्द पोर्तुगिजांच्या ज्या क्रियापदावरून आला, ते 'पैसे चुकते करणे' याच अर्थाने स्पॅनिशमध्येही आहे.

पण फसगत येथेच होते. स्पॅनिशमध्ये 'एक्सकिसितो' म्हणजे अत्यंत रुचकर. पोर्तुगीज 'एस्किझितो' म्हणजे विचित्र. पाहुण्याने जेवणाची मनापासून स्तुती करावी आणि यजमानीणबाईंचा चेहरा उतरावा! स्पॅनिश 'ओफिसिना' म्हणजे कचेरी, तर पोर्तुगीज 'ओफिसिना' म्हणजे गाड्या दुरुस्त करण्याची जागा. इंदूर-ग्वाल्हेरकडील मराठी घरांना ही गंमत परकी नाही. शाळेत उत्तम 'शिक्षा' मिळते, असे नातू हिंदीच्या सवयीने बोलून गेला की आजीच्या काळजात धस्स होते.

यास्तव आमचे मत असे की, दूरच्या भाषेपेक्षा जवळची भाषा शिकविण्यास अधिक दक्ष शिक्षक लागतो. अपरिचित शब्दापाशी मूल थांबते, विचारते. ओळखीचा वाटणारा शब्द ते न विचारताच पुढे रेटते. ब्राझीलमध्ये नेमकी शिक्षकांचीच वाण पडली. कायदा एका दिवसात होतो. शिक्षक तयार होण्यास वर्षे जातात.

आणि तो कायदाही टिकला नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये तो रद्द झाला. इंग्रजी सक्तीची झाली, स्पॅनिश शाळेच्या इच्छेवर राहिली. स्पॅनिश शिकविण्याची पदवी ज्यांनी कायद्याच्या भरवशावर घेतली, त्यांनी काय करावे? उरुग्वेला लागून असलेल्या रिओ ग्रांदे दो सूल राज्याने २०१८ साली स्वतःच्या राज्यघटनेत दुरुस्ती करून स्पॅनिशची जागा राखली, हे त्यांचे शहाणपण. २०२४ मध्ये सिनेटने ती देशभर पुन्हा आणू पाहिली. कनिष्ठ सभागृहाने ते कलम वगळले.

दरम्यान उच्च शिक्षणाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या राष्ट्रीय परीक्षेत परकीय भाषेचे पाच प्रश्न असतात. इंग्रजी वा स्पॅनिश, निवड परीक्षार्थीची. ज्या शाळेत स्पॅनिशचा तासच होत नाही, तेथील मुलगाही ती निवडू शकतो, आणि आपल्या पोर्तुगीजच्या आधाराने अंदाज बांधीत उत्तरावर खूण करतो.