थंडी खालून लागते!

काय दोस्तांनो, माळ्यावरून कानटोप्या खाली आल्या का? आमच्या मावळात केव्हाच आल्या. सकाळच्या शाळेला मुलं येतात ती हात बगलेत खुपसूनच. हजेरीला 'हजर बाई' म्हणताना तोंडातून वाफ निघाली की अभ्यास राहतो बाजूला आणि कुणाची वाफ लांब जाते याची स्पर्धा सुरू होते. तशी लोणावळ्याची उंची फार नाही, समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या आसपास. पण घाटमाथ्यावर हिवाळ्यात आभाळ निरभ्र असतं आणि वारा अडवायला मधे काही नसतं. रात्री उघड्यावर झोपून पाहा, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

आज त्याच झोपण्याबद्दल सांगणार आहे. पण आधी माझी एक चूक सांगते.

सातवीच्या मुलांना घेऊन राजमाचीच्या उधेवाडीला एक रात्र मुक्काम करायचा, असं आम्ही ठरवलं. श्रीवर्धन आणि मनरंजन या दोन बालेकिल्ल्यांच्या कुशीतलं हे गाव. लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे चालत गेलं तर पंधरा-सोळा किलोमीटर पडतं. चार पालक सोबत येणार होते. गावातल्या एका घरी जेवण, आणि झोपायला त्यांच्याच परड्यातल्या झाडांना बांधलेले हॅमॉक! हॅमॉक म्हणजे दोन झाडांमध्ये बांधायची मोठी झोळी. मुलं हरखून गेली. मी उत्साहानं सामानाची यादी फळ्यावर लिहिली, ती एका दुकानाच्या पत्रकावरून उतरवलेली. पहिल्याच ओळीत 'स्लीपिंग बॅग'.

दुसऱ्या दिवशी वर्गातला सगळ्यात काटक मुलगा माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "बाई, माझं नाव खोडा. मला नाही जमणार."

"का रे? तू तर सगळ्यांच्या आधी नाव दिलंस!"

"घरी काम आहे."

काम कसलं होतं ते मधल्या सुट्टीत त्याच्या मित्राकडून कळलं. वडिलांनी दुकानात स्लीपिंग बॅगची किंमत विचारली होती आणि काही न बोलता परत आले होते. मला स्वतःचाच राग आला. फळ्यावरची ती ओळ मी पुसली. पण नुसती ओळ पुसून थंडी थोडीच पुसली जाते? त्या ओळीच्या जागी काय लिहायचं, ते शोधणं भाग होतं.

शोधायला मला फार लांब जावं लागलं नाही, कारण आदल्याच हिवाळ्यात त्याच परड्यात मी स्वतः कुडकुडले होते. मैत्रिणींबरोबर गेले होते. बरोबर घरातली जाडजूड रजई. हॅमॉकमध्ये शिरले, रजई अंगाभोवती गुंडाळली आणि वाटलं, आता सकाळीच उठायचं. रात्री दीडला जाग आली ती पाठ बर्फासारखी गार पडल्यामुळे. छाती ऊबदार, पाठ गार! अंगात होते नव्हते ते सगळे कपडे चढवले, तरी तेच. शेवटी घरात जाऊन चुलीशेजारी बसले. पहाटे घरच्या आजी उठल्या, मला बघून हसल्या आणि म्हणाल्या, "वरून कितीबी घाला ताई, खालून वारा लागतो ना! झोळीतल्या पोराला आधी खालून लपेटावं लागतं."

आता हे माझ्यासारख्या विज्ञान शिकवणाऱ्या बाईला आधी सुचायला नको होतं का?

त्याचं कारण असं. पांघरूण आपल्याला ऊब 'देत' नाही. उष्णता तयार करतं ते आपलं शरीर. पांघरूण फक्त ती उष्णता पळून जाऊ देत नाही आणि हे काम लोकर किंवा कापूस करत नाही, त्यांच्या धाग्यांमध्ये अडकलेली हवा करते. स्थिर हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. पाणी तिच्यापेक्षा सुमारे २४ पट वेगानं उष्णता वाहून नेतं. थंडीत चिमणी पिसं फुलवून चेंडूसारखी का बसते? हवा धरून ठेवायला! पिंजारी गादीतला दडपलेला कापूस पिंजतो तेव्हा वजन तेवढंच राहतं आणि गादी मात्र टम्म फुगते. ती फुग म्हणजे हवा.

आता हॅमॉकमध्ये काय होतं बघा. पाठीखाली आलेली रजई तुमच्या वजनानं चेपून पापडासारखी होते. म्हणजे तिच्यातली हवा गेली. कापडाखाली जमीनही नाही, तिथून वारा वाहतोय. तो पाठीची उष्णता भराभर घेऊन जातो. हॅमॉक हा मुळात उष्ण प्रदेशातला शोध. कॅरिबियन बेटांवरचे लोक अशा झोळ्यांत झोपत, आणि १४९२ मध्ये तिथे पोचलेल्या कोलंबसनं त्या पाहिल्या. तिथल्या उकाड्यात पाठीला वारा लागणं ही चैन होती. आपल्या पौषातल्या रात्री तीच शिक्षा होते.

हे मुलांना नुसतं सांगून पटणार नव्हतं, म्हणून वर्गात प्रयोग केला. तुम्हीही करा, पण गरम पाणी मोठ्यांनाच ओतू द्या. एकाच जुन्या लोकरी शालीचे तीन सारखे तुकडे आणि चार सारख्या बाटल्या घ्या. एक तुकडा बाटलीभोवती सैल गुंडाळा, दुसरा दोरीनं करकचून आवळा, तिसरा ओला करून गुंडाळा. चौथी बाटली उघडीच ठेवा. चारही बाटल्या वाऱ्याला, खिडकीत. अर्ध्या तासानं तापमापक बुडवून पाहा. सैल शाल जिंकली, आवळलेली मागे पडली. ओली शाल आणि उघडी बाटली यांची शर्यत तळाला लागली. त्यात शेवटचा नंबर कुणाचा, ते मी सांगणार नाही.

एवढं कळलं की हॅमॉकसाठी सामान निवडणं सोपं होतं. पाठीखाली दोनच गोष्टी चालतात. एक तर वजनानं न चेपणारी वस्तू आत घालायची, नाहीतर फुगीर रजई हॅमॉकच्या बाहेरून, खालच्या बाजूला टांगायची. बाहेर टांगलेल्या रजईवर तुमचं वजन येत नाही, म्हणून ती फुगलेलीच राहते. बाजारात तिला 'अंडरक्विल्ट' म्हणतात. मी तिला खालची गोधडी म्हणते. मात्र ती हॅमॉकला अलगद चिकटून हवी. मधे बोटभर फट राहिली तरी वारा शिरतो. आणि खऱ्या गोधडीची मला कितीही माया असली, तरी पाठीवर वाहून नेण्यासाठी ती नाही. सुती असल्यामुळे जड आणि दव पडलं की आणखी जड.

मग हलकं काय? सगळ्यात हलकी आणि मुठीत मावणारी म्हणजे बदकाची किंवा हंसाची मऊ पिसं. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम पिसं फुगून किती घनइंच जागा व्यापतात, यावर त्यांची प्रत ठरते. ६००, ८०० असे आकडे लेबलवर दिसतात ते हेच. पण पिसं महाग, आणि ओली झाली की गोळा होऊन बसतात. पॉलिएस्टर तंतूंची रजई थोडी जड, थोडी मोठी, पण दमट झाली तरी बरीचशी ऊब राखते आणि घरी धुता येते. आपल्या मावळातल्या दवासाठी मी तीच घेईन. धनगरी घोंगडीही ओलसरपणाला घाबरत नाही. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश ओलावा पिऊनही ओली वाटत नाही. पण ती घडी करून दप्तरात बसवून दाखवा बरं!

चंदेरी चकचकीत पातळ कागदासारखा 'स्पेस ब्लँकेट' तुम्ही पाहिला असेल. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेनं १९६४ मध्ये अंतराळातल्या कामासाठी विकसित केलेल्या प्लॅस्टिकच्या झिलईदार पडद्यावरून तो आला. प्रारणानं जाणारी उष्णता तो परतवतो. पण त्यात अडकलेली हवा नाही, म्हणून एकट्यानं भागत नाही. शिवाय घाम आत साचतो आणि कूस बदलली की चुरमुऱ्यांच्या पिशवीसारखा वाजतो. अडीअडचणीसाठी एक जवळ असावा, बस्स.

आईबाबांनो, स्लीपिंग बॅग घ्यायचीच असेल तर तिच्यावरचे तापमानाचे आकडे नीट वाचा. 'एक्स्ट्रीम' लिहिलेला आकडा कसाबसा जीव वाचवण्याचा असतो, झोपेचा नाही. 'कम्फर्ट' हा आकडा बघायचा. आणि घरी आणल्यावर ती पिशवीत कोंबून ठेवू नका. महिनोन्महिने दाबून ठेवली तर फुगायचं विसरते. कपाटात मोकळी टांगा.

आता आमच्या त्या मुलाचं. अंगणवाडीत जमिनीवर जोडून अंथरतात त्या रंगीत फोमच्या चौकटी आठवतात? एकमेकींच्या दातांत अडकवायच्या? अंगणवाडीनं कडा झिजलेल्या काही चौकटी बाद केल्या होत्या. हा फोम सोफ्यातल्या स्पंजसारखा नसतो. त्यातला प्रत्येक बुडबुडा बंद असतो, म्हणून तो सहज चेपत नाही आणि पाणीही पीत नाही. (अंगठ्यानं दाबून पाहा आणि पाण्यात बुडवून पाहा, लगेच कळेल.) हॅमॉक खांद्यांना दोन्हीकडून कवटाळतो, त्यामुळे अरुंद चटई घातली की खांदे गारठतात. चौकटींची गंमत अशी, की खांद्यापाशी दोन्ही बाजूंना एकेक जास्त जोडता येते! त्याच्या आईनं जोड उसवू नयेत म्हणून दाभणानं टाके घातले. चौकटींवर गाडीच्या काचेला लावायचा जुना चंदेरी पडदा, त्यावर वर्तमानपत्रांचे दोन-तीन थर. हसू नका! फ्रान्समधल्या सायकल शर्यतीतले खेळाडू डोंगर उतरताना छातीशी वर्तमानपत्र खुपसत आले आहेत. अंगावर घ्यायला घरचंच पॉलिएस्टरचं ब्लँकेट. सगळं मिळून भारी नव्हतंच, फक्त आकारानं मोठं. म्हणून फोमची गुंडाळी त्यानं पिशवीच्या बाहेर बांधली.

झोळी कुठे बांधायची, हेही महत्त्वाचं. गार हवा जड असते, ती रात्री ओढ्याकाठी आणि खोलगट जागी जाऊन बसते. म्हणून थोडं वर, वाऱ्याच्या आडोशाला. डोक्यावर ताडपत्री हवीच, दवासाठी. झाडाला बारीक दोरी काचते, रुंद पट्टा वापरा. उंची खुर्चीएवढीच, पडलात तरी हसण्यावारी जावं इतकी. झोपताना थोडं तिरकं आडवं व्हा, पाठ सरळ राहते. गडाच्या तटाला किंवा कमानीला काहीही बांधायचं नाही. आपला लोहगड २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला आहे, तिथे दिवसा जायचं आणि उजेडात उतरायचं. ताडपत्रीखाली शेगडी किंवा निखारे घेऊन कुणी झोपणार नाही, हे मी तिथे तीनदा सांगितलं, इथे चौथ्यांदा सांगते. तो धूर आणि न दिसणारा वायू जीव घेतो.

उधेवाडीला जेवणानंतर सगळ्यांनी दिवसभराचे घामट कपडे बदलले, कोरडे मोजे घातले, चिक्कीचा एकेक तुकडा खाल्ला. शरीराच्या भट्टीला रात्रभर सरपण नको का? कानटोपी घाला, पण नाक पांघरुणाबाहेर ठेवा, नाहीतर श्वासाच्या वाफेनं पांघरूण ओलं होतं, हेही बजावलं. रात्री दोनदा बॅटरी घेऊन फेरी मारली. नव्या कोऱ्या स्लीपिंग बॅगेत झोपलेल्या दोघांच्या पाठी गारठल्या होत्या, कारण त्यांनी खाली काही घातलंच नव्हतं. माझंही थोडं चुकलंच, झोपण्यापूर्वी प्रत्येकाची झोळी तपासायला हवी होती. त्यांना घरात आजींच्या चुलीपाशी नेलं.

आणि आमचा काटक गडी? सकाळी चहा झाला, पोहे झाले, तरी त्याच्या झोळीतून घोरणं ऐकू येत होतं. हलवून उठवावं लागलं. चूल पेटवायला आजींनी त्याच्याकडची वर्तमानपत्रं मागितली, तेव्हा त्यानं ती नीट घडी करून पिशवीत ठेवली होती. म्हणाला, "आजी, दुसरं काहीबी मागा, माझी गादी नका जाळू."