एकुलती एक प्रत

मनुष्याने आपली स्मृती कशावर तरी उतरवून ठेवण्याची खटपट प्राचीन काळापासून चालविली आहे. शिलालेख, ताम्रपट, भूर्जपत्र, कागद ही साधने एकामागून एक आली. आणि आता घराघरांतील हिशेब, छायाचित्रे, गुणपत्रिका व मुलांचे प्रकल्प लॅपटॉपमधील एका बोटभर पट्टीवर जाऊन बसले आहेत. ह्या पट्टीस सॉलिड स्टेट ड्राइव्ह, संक्षेपाने एसएसडी, असे म्हणतात. ती बंद पडली असता काय करावे, आणि ती बंद पडण्यापूर्वीच काय करून ठेवावे, ह्याविषयी चार शब्द विद्यार्थी व पालक ह्यांच्यापुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. विषय कारागिराचा वाटेल. परंतु आमच्या मते तो मुख्यत्वे सवयीचा, म्हणजेच शिक्षणाचा आहे.

प्रथम ही पट्टी कशी असते ते पाहू. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते. ती बिघडू लागली म्हणजे पुष्कळदा खडखडते, आणि घरच्या माणसांस सावध होण्यास थोडा अवधी मिळतो. एसएसडीमध्ये हलणारा भाग एकही नाही. जपानी अभियंते फुजिओ मासुओका ह्यांनी तोशिबा कंपनीत असताना, १९८० नंतरच्या दशकात, जी फ्लॅश स्मृती शोधून काढली, तिच्यावर हिची रचना आधारलेली आहे. सूक्ष्म कप्प्यांत विद्युत्कण कोंडून माहिती राखली जाते. प्रत्येक कप्पा पुसून पुन्हा लिहिण्यास मर्यादा असते. तथापि घरगुती वापरात ती मर्यादा संपण्यापूर्वीच पट्टीवरील नियंत्रक चिप बिघडते, अथवा कोणती माहिती कोणत्या कप्प्यात आहे हे सांगणारी आतली अनुक्रमणिका विस्कटते, असे पुष्कळदा घडते. ग्रंथालयातील पुस्तके जागच्या जागी असावीत आणि सूची मात्र जळून जावी, तशी ही अवस्था होय. लिहिणे चालू असता अचानक वीज तुटली तर असे होण्याचा संभव अधिक. काही पट्ट्या आधी मंदावतात किंवा नवे काही लिहून घेण्याचे नाकारतात. परंतु पुष्कळ पट्ट्या सायंकाळी धडधाकट असतात आणि सकाळी संगणक त्यांस ओळखतसुद्धा नाही.

मुळशी धरणाजवळील माले ह्या गावचे एक उदाहरण आमच्या पाहण्यात आहे. तेथे पावसाळ्यात वीज जाणे नवीन नाही, आणि बॅटरी जुनी झालेला लॅपटॉप वीज जाताक्षणी बंद पडतो. एका पालकांच्या घरी असेच दोनचार वेळा झाले, आणि त्यानंतर लॅपटॉप सुरू होईना. त्यांत मुलाचा वर्षभराचा अभ्यास होता. पण त्याचे दुःख त्यांस फारसे नव्हते. त्यांच्या दिवंगत मातोश्रींनी जात्यावर बसून गायिलेल्या ओव्या त्यांनी मोबाईलवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या, मग त्या लॅपटॉपवर घेतल्या होत्या, आणि पुढे तो मोबाईल विकून टाकला होता. पुण्याच्या एका कारागिराने सांगितले की नवी पट्टी घातल्यास लॅपटॉप तासाभरात चालू होईल. जुन्या पट्टीतील काही निघेल अशी मात्र आशा नाही. लॅपटॉप चालू झाला. ओव्या गेल्या. फक्त दोन ओव्या राहिल्या, कारण त्या एका लग्नाच्या वेळी पौडच्या आत्याबाईंस मोबाईलवरून पाठविलेल्या होत्या. जे जपून ठेविले ते गेले, आणि जे सहज दुसऱ्यास दिले ते राहिले!

असा प्रसंग आला असता काय करावे? पहिली गोष्ट अशी की, घाई करू नये. पट्टी अजून दिसत असेल तर दुरुस्तीच्या नादी न लागता सर्वांत मोलाच्या वस्तू प्रथम दुसरीकडे उतरवून घ्याव्यात. पडद्यावर ‘फॉरमॅट’ करण्याविषयी प्रश्न आला तर त्यास होकार देऊ नये. एसएसडीवरून पुसलेली माहिती ती पट्टी स्वतःच थोड्या वेळात कायमची झाडून टाकते. म्हणून चुकून पुसले गेल्यास यंत्र त्याच क्षणी बंद करणे इष्ट. दुसरे असे की, दोष पट्टीचा की लॅपटॉपचा, ह्याची शहानिशा करावी. पुष्कळ लॅपटॉपांत ही पट्टी एका स्क्रूने बसविलेली असते. ती काढून योग्य त्या बाहेरच्या डबीत घातली व दुसऱ्या संगणकास जोडली तर खरा रोगी कोण ते कळते. काही लॅपटॉपांत मात्र ती मुख्य फलकावरच डाख देऊन पक्की केलेली असते. तेथे हा उपाय चालत नाही. तिसरे असे की, विंडोजच्या अनेक संगणकांत माहिती बिटलॉकर नामक कुलपात असते आणि ते उघडण्यास ४८ अंकांची किल्ली लागते. ती किल्ली आजच शोधून कागदावर लिहून ठेवावी. शेवटी, हमीपत्रावर विसंबू नये. हमीच्या मुदतीत कंपनी नवी पट्टी देते. तिच्यातील मजकूर देत नाही. माहिती काढून देणारे तज्ज्ञ आहेत, परंतु त्यांचे शुल्क लॅपटॉपच्या किमतीइतकेही होऊ शकते आणि यशाची खात्री नसते. म्हणून काय गेले आहे आणि त्याचे मोल किती, ह्याचा विचार शांतपणे करून मगच पैसा घालावा.

आता आमचे मुख्य म्हणणे. पट्टी बिघडणे ही आपत्ती नव्हे. ती बाजारात पुन्हा मिळते. एकुलती एक प्रत असणे, हीच आपत्ती होय. श्रीरामपूर येथील विल्यम केरी ह्यांनी १८१० मध्ये मराठी कोश छापून काढला. पुढे ११ मार्च १८१२ च्या रात्री त्यांच्या छापखान्यास आग लागली. जे छापून बाहेर गेले होते त्यास धक्का लागला नाही. परंतु अनेक भाषांचा जो मोठा शब्दकोश हस्तलिखितात होता तो जळाला, आणि तो पुढे कधीच प्रसिद्ध झाला नाही. अक्षरांचे ठसे मात्र राखेत शाबूत सापडले, म्हणून नवे टाइप ओतून छापखाना लवकरच पुन्हा चालू करता आला. यंत्र उभे राहिले; एकट्या प्रतीचे श्रम गेले ते गेलेच.

ह्याच्या उलट उदाहरण आपल्या मुळशी तालुक्यातच आहे. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हे कार्य मुळशी व मावळ ह्या भागांतील खेड्यांतून वाढले आणि महाराष्ट्रभर पसरले. एक लाखाहून अधिक ओव्या लिहून निघाल्या. त्या संगणकावर चढविण्यात आल्या आणि पुष्कळांचे ध्वनिमुद्रणही झाले. पॉइटवाँ २००४ साली व राईरकर २०१० साली निवर्तल्या. परंतु कार्य थांबले नाही. २०१७ पासून ह्या ओव्या पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया ह्या संग्रहाद्वारे प्रसिद्ध होत आल्या आहेत. गिरणी आली आणि जाती कोपऱ्यात गेली, तरी ओवी राहिली. कारण ती कंठातून वहीत, वहीतून यंत्रात, आणि यंत्रातून लोकांत गेली.

घरच्या वस्तूंसाठीही हाच मार्ग आहे. जाणत्यांनी त्याचा सोपा नियम केला आहे : प्रती तीन, साधने दोन प्रकारची, आणि एक प्रत घराबाहेर. साधने निरनिराळी का, ह्याचे उत्तर २०१९ मध्ये मिळाले. ह्यूलेट पॅकार्ड एंटरप्राइझ कंपनीने त्या वर्षी जाहीर केले की, तिच्या काही एसएसडी आतल्या आज्ञावलीतील दोषामुळे बरोबर ३२,७६८ तास चालल्यावर निकामी होतील. एकाच दिवशी सुरू केलेल्या अशा दोन पट्ट्या एकाच वेळी निकामी झाल्या असत्या. मग दुसरी प्रत असून उपयोग काय? त्याचप्रमाणे, मोबाईल व इंटरनेटवरील खाते ह्यांचा मेळ आपोआप राहतो एवढ्यावर निश्चिंत राहू नये; एकीकडे पुसले तर दुसरीकडेही पुसले जाते. एसएसडी कपाटात वर्षानुवर्षे विजेवाचून पडू देऊ नये, कारण कोंडलेले विद्युत्कण हळूहळू झिरपतात. आणि प्रत काढली म्हणजे ती उघडून पाहावी; न उघडलेली प्रत ही केवळ समजूत होय.

ह्यावर कोणी म्हणतील, गरीब पालकांनी हा खर्च कोठून करावा? आक्षेप योग्य आहे. परंतु मुलाचा वर्षभराचा लेखी अभ्यास एका लहानशा पेनड्राइव्हवर मावतो, आणि आप्तांच्या मोबाईलवर पाठविलेल्या प्रतीस वेगळे मोल पडत नाही. खरी उणीव पैशाची नसून सवयीची आहे, आणि सवय लावणे हे शाळेचे काम आहे. म्हणून आमची सूचना अशी की, इयत्ता आठवीपासून पुढे कोणताही प्रकल्प स्वीकारताना त्याची दुसरी प्रत कोठे आहे हे विद्यार्थ्यास विचारावे, ती उघडून दाखविण्यास सांगावे, आणि त्यास थोडे गुणही द्यावेत. महिन्यातून एक शनिवार ह्या कामास दिला तरी पुरे. ज्यांच्या घरी दुसरे साधन नाही त्यांच्यासाठी शाळेच्या संगणकावर जागा राखून ठेवावी.

पालकांस आमची विनंती एवढीच की, ज्येष्ठांचे आवाज, जमिनीच्या कागदांची छायाचित्रे आणि मुलांचे अभ्यास ह्यांची एक प्रत ह्या सुटीतच दुसऱ्या घरी द्यावी. लॅपटॉप कधी बंद पडेल हे आपल्या हाती नाही. प्रत काढणे हे आहे.