विमान निवडायचं, पण किती वर्षांत?



आम्हा ग्वाल्हेरकरांना मिराज विमानाची ओळख करून द्यायला नको. १९८५ पासून ती महाराजपूरच्या तळावर आहेत. पण हवाई दल नवीन विमान निवडतं कसं, असं परवा कॉलनीतल्या एका काकांनी विचारलं. मी सॉफ्टवेअरवाला, वैमानिक नव्हे. तरी जमेल तसं सांगतो.

२००७ साली भारताने १२६ लढाऊ विमानांसाठी निविदा काढली. सहा विमानं शर्यतीत उतरली : अमेरिकेची एफ-१६ आणि एफ-१८, रशियाचं मिग-३५, स्वीडनचं ग्रिपेन, युरोपातल्या चार देशांचं युरोफायटर आणि फ्रान्सचं राफाल. बंगळुरूची दमट हवा, जैसलमेरचं ऊन आणि लेहची विरळ हवा, अशा तिन्ही ठिकाणी चाचण्या झाल्या. लेहला इंजिनाचा खरा कस लागतो. एप्रिल २०११ मध्ये युरोफायटर आणि राफाल ही दोनच उरली.

मग आली किंमत. इथे नुसता खरेदीचा आकडा पाहिला नाही. इंधन, सुटे भाग, देखभाल असा पुढच्या अनेक वर्षांचा खर्चही मोजला. गाडी घेताना आपण अ‍ॅव्हरेज आणि सर्व्हिसिंग विचारतो, तसंच. जानेवारी २०१२ मध्ये राफाल स्वस्त ठरलं.

आणि गाडं अडलं. १२६ पैकी १०८ विमानं एचएएल इथे बनवणार होती. त्यांच्या दर्जाची हमी कोणी घ्यायची, यावर घोळ सुरू राहिला. अखेर २०१५ मध्ये ती निविदा सोडून थेट ३६ विमानं घ्यायचं ठरलं. सप्टेंबर २०१६ मध्ये करार झाला आणि जुलै २०२० मध्ये पहिली पाच विमानं अंबाल्याला उतरली. निविदेपासून तेरा वर्षं!

तोवर सीमा काही थांबली नव्हती. १९६० च्या दशकात आलेली मिग-२१ आपले वैमानिक उडवतच राहिले. ती सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाली, आणि मंजूर ४२ स्क्वॉड्रनपैकी हाती उरल्या २९.

घाई करा, असं मी म्हणणार नाही. विमान चाळीस वर्षं सांभाळायचं असतं. त्यात आपल्या गरजेप्रमाणे बदल करता येणंही तितकंच महत्त्वाचं. कारगिलच्या वेळी मिराजवर लेझर बॉम्बची जोडणी ऐनवेळी केली, म्हणून २४ जून १९९९ ला टायगर हिलवर अचूक मारा झाला. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये हात घालायची मुभा किती आणि हमी कोणाची, हे प्रश्न चाचण्यांच्या आधी सुटायला हवेत, नंतर नव्हे.

आता ११४ विमानांचा विषय समोर आहे. काकांना मी एवढंच म्हटलं, उत्तम विमान निवडणं निम्मं काम. ते वेळेवर मिळणं हे उरलेलं निम्मं, आणि उशिराची किंमत कागदावर नाही, कॉकपिटमध्ये मोजली जाते.