कार्यादेश निघण्याआधी फाइल उघडा!

पुणेकर नागरिकहो,

पाण्याचे पाइप, पथदिवे, दवाखान्यांतली औषधे, कचऱ्याचे डबे ही सगळी महापालिकेची खरेदी तुमच्या-आमच्या मिळकतकरातून होते. ती जाहीर निविदेने व्हावी, असा नियम आहे. फाइल पाहिली तर नियम पाळलेला दिसतोही. जाहिरात निघालेली असते, दोन लिफाफे असतात, तीन निविदाधारक असतात, दरांचा तुलनात्मक तक्ताही असतो. पण एवढे कागद जमले म्हणजे स्पर्धा झाली, हे आम्हाला मान्य नाही.

याचा पुरावा आपल्याच शहरात आहे. २०१४-१५ मध्ये पुणे महापालिकेने कचरा प्रक्रिया प्रकल्पांसाठी निविदा काढल्या. नागरिक चेतना मंचाने त्यांविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. चौकशीत निघाले ते असे : काही कंपन्यांनी निविदा भरल्या त्या काम मिळवण्यासाठी नव्हे, दुसऱ्याला मिळवून देण्यासाठी. समोर स्पर्धक दिसावेत म्हणून आधाराला भरलेल्या त्या निविदा होत्या. दंडात सवलत मिळावी म्हणून काही कंपन्यांनी स्वतःच कबुली दिली. २०१८ मध्ये आयोगाने दंड ठोठावला. ठेकेदारांच्या भाषेत अशा संगनमताला ‘रिंग करणे’ म्हणतात. ही रिंग महापालिकेच्या निविदा समितीने नव्हे, जागरूक नागरिकांनी उघडकीला आणली, तीही ठेके दिले गेल्यानंतर.

रिंग ही स्पर्धा टाळण्याची एक वाट; दुसरी वाट अटींची. अमुक इतकी उलाढाल, तमुकच प्रकारच्या कामाचा अनुभव, विशिष्ट मापाचेच यंत्र, अशा अटी घालत गेले की शेवटी एकच पुरवठादार पात्र ठरतो. कधी उलटे होते. मर्जीतला माणूस अटीत बसत नाही, म्हणून ऐनवेळी शुद्धिपत्रक निघते, नाहीतर अटीकडे काणाडोळा होतो. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेत पाच वर्षांच्या अनुभवाची अट होती, तरी ती पूर्ण न करणाऱ्याला ठेका दिला गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सार्वजनिक संस्थेने स्वतः घातलेली अट तिच्यावरही बंधनकारक आहे, असा निकाल न्यायमूर्ती भगवती यांनी १९७९ मध्ये दिला. देशभरातल्या निविदांच्या खटल्यांत आजही त्या निकालाचा आधार घेतला जातो. पण तो ठेका काही रद्द झाला नाही. दाद मागायला उशीर झाला होता आणि ठेकेदाराचा पैसा गुंतला होता, हेही न्यायालयाने विचारात घेतले.

तिसरी वाट तातडीची. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६७ ने आयुक्तांना आणीबाणीत तत्काळ कारवाईचा अधिकार दिला आहे. तो असायलाच हवा. पूर आला, जलवाहिनी फुटली, तर निविदेची वाट कोणी पाहणार नाही. मात्र काय केले, का केले, किती खर्च झाला, हे लगेच स्थायी समितीला आणि सभागृहाला कळवण्याचे बंधनही त्याच कलमात आहे. नालेसफाई दरवर्षी पावसाळ्याआधीच करायची असते, ती अचानक तातडीची कशी होते? एकाच खरेदीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा निविदेच्या मर्यादेखाली बसवणे हाही त्यातलाच प्रकार. मुंबई महापालिकेच्या कामांवरचा ‘कॅग’चा विशेष अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. २१४.४८ कोटी रुपयांची २० कामे निविदा न मागवता दिल्याचे त्यात नोंदले आहे, आणि ४,७५५.९४ कोटींच्या कामांत ठेकेदारांशी करारच केलेला नव्हता. करारच नसेल तर निकृष्ट कामाबद्दल ठेकेदाराला धरणार कशाच्या जोरावर?

आयोगाचा दंड, न्यायालयाचा निकाल, कॅगचा अहवाल हे सारे पैसा गेल्यानंतरचे आहे. म्हणून आमची मागणी कार्यादेशाच्या आधीची आहे. निविदेच्या अटींचा मसुदा आणि पूर्वगणनपत्रकातले दर कुठून घेतले, हे आधी जाहीर करा. तांत्रिक लिफाफ्यात कोण बाद झाले आणि का, हे तुलनात्मक तक्त्यासह कार्यादेशापूर्वी किमान सात दिवस संकेतस्थळावर ठेवा. विनानिविदा प्रत्येक खरेदी कारणासह त्याच आठवड्यात प्रसिद्ध करा.

याने कामे रखडतील, असे अधिकारी सांगतील. ते आम्हाला पटत नाही. हे कागद फाइलमध्ये तयारच असतात, ते फक्त लोकांसमोर ठेवायचे आहेत. सर्वांत कमी दर घेतला की माल हलका येतो, हा आक्षेप मात्र खरा आहे. त्यावर उपाय म्हणजे मालाचा दर्जा निविदेत नेमका लिहिणे आणि पुरवठ्यानंतर नमुने तपासणे. स्पर्धा टाळणे हा उपाय नव्हे.

माहिती अधिकार कायद्याने तुम्हाला फाइल पाहण्याचा आणि सामानाचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिला आहे. आपल्या प्रभागातले एक काम निवडा, क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्या आणि त्याची निविदा, तुलनात्मक तक्ता व करार मागा. करार दाखवता आला नाही, तर तसे लेखी उत्तर घेतल्याशिवाय परत येऊ नका.