उतारावर ब्रेक कसा दाबावा?

‘उतारावर पुढचा ब्रेक कधीही दाबू नये, सायकल उलटते,’ असे तुम्हांला कोणीतरी सांगितलेच असेल. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण हा सल्ला अर्धवट आहे आणि डोंगराच्या वाटेवर तो घातक ठरतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

धावत्या बसने ब्रेक लावला की आपण पुढे ढकलले जातो. सायकलवरही तसेच घडते. भार पुढच्या चाकावर येतो आणि मागचे चाक हलके होते. उतारावर तर हे अधिकच होते. म्हणून सायकल थांबवण्याची खरी ताकद पुढच्या चाकात असते. नुसता मागचा ब्रेक करकचून दाबला, तर ते चाक फिरायचे थांबते आणि खडीवरून घसरत जाते. सायकल वेळेवर थांबत नाही, कधीकधी आडवी होते.

मग सायकल उलटते कशी? पुढचा ब्रेक एकदम दाबल्यामुळे आणि बसणारा पुढे झुकलेला असल्यामुळे. म्हणून दोन्ही ब्रेक एकाच वेळी, पण जोर हळूहळू वाढवत दाबावेत. सीटवरून थोडे उठून कंबर मागे न्यावी. दोन्ही पॅडल सारख्या उंचीवर ठेवून टाचा खाली दाबाव्यात. नजर लांब वाटेवर असावी.

काही मुले घाबरून सबंध उतारभर ब्रेक धरून ठेवतात. त्याने काय होते? अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात फेअरफॅक्स गावाजवळ एक कच्चा उतार आहे. सुमारे साडेतीन किलोमीटरांत तो जवळजवळ ४०० मीटर खाली येतो. १९७६ पासून तेथे जुन्या, जाड टायरच्या सायकलींच्या शर्यती होऊ लागल्या. त्यांतल्या अनेक सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या मध्यभागी असे व पॅडल उलटे दाबले की लागे. खाली येईपर्यंत तो इतका तापे, की आतल्या ग्रीसचा धूर होई. मग ग्रीस पुन्हा भरावे लागे. पुन्हा भरणे म्हणजे इंग्रजीत ‘रीपॅक’. उताराचे नावच ‘रीपॅक’ पडले! माउंटन बायकिंगचा खेळ अशाच शर्यतींतून वाढला.

आजचे डिस्क ब्रेकही तापतात. म्हणून सरळ वाटेवर नीट दाबून वेग उतरवावा, मग ब्रेक सोडून त्याला निवू द्यावे. वळण येण्यापूर्वीच वेग कमी करावा. वळणावर टायरची पकड वळण्यातच खर्च होत असते. तेथे पुढचा ब्रेक जोरात दाबला, तर चाक निसटते. वेग दुप्पट झाला, की थांबायला सुमारे चौपट अंतर लागते, हेही ध्यानात असू द्या. ब्रेक दाबणारा भित्रा, असे मित्र म्हणतात. म्हणू द्या. कॅरिअरवर लहान भाऊ बसलेला असेल, तर वेग आणखी कमी हवा.

आपल्या साध्या सायकलीलाही हेच लागू आहे. पावसात चाकाची कडा ओली असते, त्यामुळे ब्रेक उशिरा लागतो. तो थोडा आधीच दाबावा. आज घरी गेल्यावर सायकलचे एकेक चाक उचलून फिरवा आणि कोणत्या हाताचा ब्रेक कोणते चाक थांबवतो ते पाहा. ब्रेकचे रबर झिजले असेल, तर आधी ते बदलून घ्या. उतार कोठे पळून जात नाही.