मोटारीच्या तळाचे मीठ

आपल्या गोव्यातील कित्येक घरांची मुले आज कॅनडात टोरांटो व त्याच्या आसपास संसार थाटून आहेत. तेथील हिवाळ्यातील एक गोष्ट त्यांच्या आईबापांच्या कानी घालावी, असे आम्हांस वाटते.

रस्त्यावरील बर्फ वितळावा म्हणून तेथे मीठ पसरतात. ते खारे पाणी चाकांनी उडून मोटारीच्या तळास चिकटते व लोखंड खाऊ लागते. खाऱ्या वाऱ्याने खिडकीचे गज कसे झडतात, हे समुद्रकाठच्या माणसांस सांगावयास नको.

जुन्या मोटारीस धोका अधिक. तिच्या तळाचा लेप तडकलेला असतो; फटींत खारट चिखल साचतो. ब्रेकच्या तेलाची पोलादी नळीही तेथूनच जाते. ती गंजून फुटली, तर ऐन वेळी गाडी आवरत नाही. २०१५ साली अमेरिकेच्या रस्ते-सुरक्षा खात्याने जुन्या गाड्यांच्या मालकांस याच कारणास्तव तळ धुण्याची व नळ्या तपासण्याची सूचना दिली होती.

उपाय सोपा आहे. पारा शून्यावर चढला, की तळ, चाकांवरील कमानी व दारांखालच्या पट्ट्या स्वच्छ पाण्याने धुवाव्यात. दारांची निचऱ्याची भोके मोकळी ठेवावीत. न धुतलेली गाडी उबदार गॅरेजात ठेवू नये. उबेत गंज वेगाने चढतो. हिवाळा सरताच पुन्हा एकदा कसून धुवावी.

वरचा रंग सारेच पुसतात. पुढल्या वेळी मुलाशी बोलणे होईल, तेव्हा विचारावे : खालचे मीठ धुतलेस काय?