गाव सुटले, तरी आधार सुटू नये

दिवाळी सरली की सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावच्या परिसरातून स्थलांतर सुरू होते. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी ऊसतोडीला जातात, काही कुटुंबे वीटभट्टी गाठतात, तरुण पोरे पुण्या-मुंबईची किंवा हैदराबादची वाट धरतात. यातल्या काही मुलांना याच काळात तंबाखू, गुटखा किंवा दारूची सवय लागते. मग ‘शहरात गेला अन् बिघडला’ म्हणून गाव मोकळे होते. हा निवाडा अपुरा आहे.

परदेशी स्थलांतरितांवर अमेरिकेत झालेल्या अनेक अभ्यासांत एक गोष्ट वारंवार दिसली. नव्याने आलेल्यांमध्ये व्यसनाचे प्रमाण बहुधा कमी असते; मुक्काम वाढतो, पुढची पिढी तिथेच जन्मते, तसे ते वाढते. घरची माणसे, भाषा आणि रीतिभाती यांचा धाक आणि आधार ओसरत जातो, हे त्याचे एक कारण. जॉन बेरी या मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीनुसार जुने धरून नव्यातही जागा मिळवणारे बहुधा सावरतात. जुने सुटलेले आणि नव्याने न स्वीकारलेले सर्वाधिक अडचणीत येतात.

आपली मुले देश सोडत नाहीत, पण कोंडी तीच. उसाच्या फडात पहाटेपासून राबणाऱ्या पोराची शाळा सुटलेली असते. भूक आणि थकवा मारायला तंबाखू हाताशी असते. चौदा-पंधराव्या वर्षी कोयता हाती आला की पुडीही मोठेपणाची खूण ठरते. शहरातल्या एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या तरुणाच्या बोलीला लोक हसतात, विचारपूस करणारे वडीलधारे जवळ नसतात, आणि ओळखी जुळतात त्या बाटलीभोवती. ही सारी कारणे त्याच्या स्वभावाबाहेरची आहेत.

शिवाय व्यसनाची सुरुवात शहरातच होते असेही नाही. 2016-17च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले 26.6 टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले. त्यातले बहुतेक ती खाणारे किंवा लावणारे. गुटख्यावर राज्यात 2012पासून बंदी आहे, तरी पुडी मिळते. अल्पवयीनाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्यास बाल न्याय कायद्याच्या कलम 77नुसार सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. हा कायदा पोलिस ठाण्याइतकाच पानटपरीलाही माहीत हवा.

पण नुसत्या धाकाने भागणार नाही. आईबाप बाहेर असताना मूल गावातच शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. ती ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी सुरू झाली पाहिजे. मूल ट्रकमध्ये बसल्यावर तिचा उपयोग नाही. साखर कारखान्यांनी मजुरांच्या तळावर शाळा आणि आरोग्य तपासणी ही आपली जबाबदारी मानावी. एकट्याने बाहेर पडलेल्या तरुणांची नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी आणि शिक्षकांनी, नातलगांनी त्यांना अधूनमधून फोन करावा. व्यसन जडलेच असेल तर 14446 ही मोफत राष्ट्रीय मदतवाहिनी आहे.

हंगाम संपून ही मुले परततील, तेव्हा त्यांना ‘बेवडा’ म्हणून हिणवू नका. उपचाराला सोबत जा, शाळेत किंवा कामात पुन्हा जागा द्या. पुसेगावसारख्या प्रत्येक गावाने येत्या दिवाळीआधीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा.